स्टेपवरची टिटवी आणि आखूड गवत

उथळ पाण्यातून किंवा चिखलातून चालत चालत भक्ष्य टिपणाऱ्या पक्ष्यांचा जो मोठा गट पक्षिशास्त्रात मानला जातो, त्यात तुतवार, चिखल्या आणि टिटव्या यांची गणना होत असली, तरी त्यांतील काही जातींनी पाण्याचा काठ सोडून कोरड्या, उघड्या जमिनीशी आपले आयुष्य जोडून घेतले आहे. मध्य आशियातील स्टेपवर, म्हणजे झाडे जवळजवळ नसलेल्या, थंड आणि कोरड्या हवामानाच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात, वीण करणारी आणि हिवाळ्यात भारत, पाकिस्तान, अरबस्तान व सुदान इथवर येणारी एक टिटवी ही अशाच जातींपैकी आहे. पीटर सायमन पलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव व्हॅनेलस ग्रेगेरियस असून इंग्रजीत ती सोशिएबल लॅपविंग या नावाने ओळखली जाते. ती थव्याने राहते व घरटीही बहुधा एकमेकींच्या जवळपास, विरळ वसाहतीने करते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत २००४ पासून तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर, केलेली आहे.

या टिटवीचे घर, तिचे अन्न आणि तिचा प्रवास या तिन्ही गोष्टींचा अभ्यास वेगवेगळा झाला असला, तरी तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते आणि ती म्हणजे आखूड गवत. हे गवत आपोआप आखूड राहत नाही. ते कोणीतरी चरून आखूड ठेवावे लागते. ज्या पक्ष्याचे अस्तित्व दुसऱ्या प्राण्याच्या चरण्यावर अवलंबून आहे, त्या पक्ष्याचे रक्षण केवळ कुंपण घालून आणि माणसाला बाहेर ठेवून होत नाही, ही बाब नीट ध्यानात घेतल्याशिवाय या टिटवीचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास उलगडत नाही.

तिच्या विणीचा मुख्य प्रदेश उत्तर व मध्य कझाकस्तानात असून त्याची कड दक्षिण रशियात जाते. पिसासारखे तुरे असलेले स्टिपा गवत आणि आपल्याकडील दवण्याच्या जातकुळीतील आर्टेमिसियाची खुरटी झुडपे यांनी ही जमीन व्यापलेली असते. एप्रिलमध्ये बर्फ वितळून माती उघडी पडू लागली की टिटव्या येऊन पोहोचतात आणि लवकरच जमिनीवरच्या एका उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालतात. खळग्यात वाळक्या काड्या, बारीक खडे आणि सुक्या शेणाचे तुकडे पसरलेले असतात. अंड्यांचा मातकट रंग आणि त्यांवरचे काळसर ठिपके या पसाऱ्यात इतके मिसळून जातात की चार पावलांवरूनही ती डोळ्यांना दिसत नाहीत. उबवणारी मादी मान वर काढून चौफेर पाहू शकेल, कोल्हा किंवा कुत्रा दुरूनच तिच्या नजरेस पडेल आणि अंड्यांतून बाहेर येताच चालू लागणारी पिल्ले गवतात न अडकता फिरू शकतील, अशी जागा तिला लागते. म्हणून जिथे गवत अतिशय आखूड आहे, मधूनमधून उघडी माती आहे आणि गुरांचे शेण पडलेले आहे, अशाच जागी तिची घरटी मोठ्या प्रमाणावर सापडतात.

पूर्वीच्या काळी हे गवत सायगा नावाच्या, पुढे आलेल्या फुगीर नाकाच्या कुरंगाचे प्रचंड कळप आणि भटक्या पशुपालकांची घोडी-मेंढरे यांच्या चरण्याने आखूड राहत असे. १९५४ मध्ये सोव्हिएत सत्तेने कोरी जमीन लागवडीखाली आणण्याची मोहीम हाती घेतली आणि थोड्याच वर्षांत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर स्टेप गव्हासाठी नांगरली गेली. त्यानंतर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि चक्र उलटे फिरले. सरकारी शेते ओस पडली. १९९० च्या सुमारास साडेतीन कोटींच्या घरात असलेली शेळ्यामेंढ्यांची संख्या त्या दशकाच्या अखेरीस एक कोटीच्या आसपास उतरली. शिंगांसाठी आणि मांसासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने सायगाही जवळपास संपत आला. नांगर थांबला म्हणून पक्ष्यांचे भले व्हायला हवे होते आणि स्टेपवरील कित्येक जातींचे ते झालेही. या टिटवीला मात्र त्याचा लाभ झाला नाही, कारण चरणारेच उरले नसल्याने गवत वाढत गेले.

गुरे उरली ती खेड्यांपुरती. ज्याच्या त्याच्या मालकीच्या दोन-चार गायी आणि काही मेंढ्या सकाळी एकत्र करून राखणदार बाहेर काढतो आणि दूध काढायचे असल्याने संध्याकाळी त्या परत घरी येतात. त्यामुळे प्रत्येक खेड्याभोवती काही किलोमीटर रुंदीचे एक कडे तेवढे चरलेले राहते आणि त्यापलीकडे गवत माजते. टिटव्यांनी आपली घरटी या कड्यात हलवली. कोर्गालझिन या मध्य कझाकस्तानातील परिसरात योहानेस काम्प, रॉब शेल्डन, मॅक्सिम कोश्किन, पॉल डोनाल्ड आदी संशोधकांनी २००४ नंतरच्या वर्षांत जो अभ्यास केला, त्यात टिटव्यांच्या वसाहतींची ही खेड्यांशी असलेली जवळीक स्पष्टपणे मांडली गेली आहे. रानटी पक्ष्याने माणसाच्या वस्तीचा आधार घेतल्याचे हे उदाहरण म्हणता येईल. येथे मात्र तो आधार माणसाचा कमी आणि त्याच्या गुरांचा अधिक आहे. ही जवळीक धोक्याचीही असणार, कळपाच्या खुरांखाली अंडी फुटत असणार, अशी सुरुवातीला रास्त शंका होती आणि काही घरटी तशी नष्टही होतात. परंतु अनेक हंगामांच्या निरीक्षणानंतर केवळ तुडवले जाण्याने या जातीची घसरण समजावून सांगता येत नाही, असेच दिसून आले.

आहाराकडे वळले की आखूड गवताचे महत्त्व आणखी जवळून कळते. तुतवारासारखा पक्षी लांब चोच चिखलात खुपसून स्पर्शाने भक्ष्य हुडकतो, तर टिटवीची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. ती नजरेने शिकार करते. चार-सहा पावले झपाट्याने धावायचे, जागच्या जागी थांबून मान किंचित तिरकी करायची, जमिनीवर काही हलते का ते पाहायचे आणि हालचाल दिसताच संपूर्ण अंग पुढे झुकवून एकदाच नेमकी चोच मारायची, असा तिचा क्रम असतो. काहीच हलले नाही तर ती दिशा थोडी बदलून पुन्हा धावते. या पद्धतीत थांबणे हाच शिकारीचा खरा क्षण आहे, आणि गवत पक्ष्याच्या पोटाला लागेल एवढे वाढले की थांबूनही काही दिसत नाही. कीटक उंच गवतातही असतात, कदाचित अधिकच असतात. पण या पक्ष्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच ठरतात.

तिच्या अन्नात भुंगेरे, नाकतोडे, रातकिडे, पतंगांच्या अळ्या, मुंग्या आणि कोळी यांचा भरणा असतो. काही वेळा धान्याचे दाणे आणि कोवळे अंकूरही त्यात आढळतात. वसंतात जमीन गार असताना मातीवर सरपटणाऱ्या भुंगेऱ्यांवर व अळ्यांवर तिचा भर असतो, आणि उन्हाळा चढत गेला की नाकतोड्यांचे प्रमाण वाढते. पिल्लांना आईबाप चोचीने भरवत नाहीत. ती पहिल्या दिवसापासून स्वतःच टिपून खातात, म्हणून छोट्या, मऊ किड्यांनी भरलेली आणि त्यांना चालता येईल अशी जमीन घरट्याच्या हाकेच्या अंतरावर असावी लागते. याच कारणाने टोळांवर होणाऱ्या औषधफवारणीकडे काळजीने पाहावे लागते. २००० च्या सुमारास कझाकस्तानात टोळांची मोठी धाड आली, तेव्हा लक्षावधी हेक्टरांवर कीटकनाशके मारली गेली. पिके वाचवणे भाग होते हे खरे, पण नाकतोडे आणि टोळ हेच ज्यांचे उन्हाळी अन्न आहे अशा पक्ष्यांच्या ताटातले त्यामुळे किती गेले असेल, याचा विचार फवारणीच्या आखणीत सहसा होत नाही.

पिल्ले उडू लागली की जुलै-ऑगस्टपासून थवे बांधले जाऊ लागतात. हे थवे कुठे जातात याचे चित्र बराच काळ अपुरेच होते. २००७ मध्ये कझाकस्तानात काही टिटव्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारी, मोजक्या ग्रॅम वजनाची उपग्रह-प्रक्षेपके, म्हणजे पक्षी कुठे आहे याचा संकेत उपग्रहाकडे धाडणारी यंत्रे, बसवण्यात आली आणि पुढील वर्षांत दोन मार्ग निश्चित झाले. पश्चिमेचा मार्ग कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेने दक्षिण रशियात जातो, तेथून कॉकेशस ओलांडून तुर्कस्तान, सिरिया, इराक असा अरबस्तानात व सुदानमध्ये उतरतो; हे अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. पूर्वेचा मार्ग उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तानमार्गे पाकिस्तान आणि वायव्य भारतात येतो आणि तो सुमारे तीन हजार किलोमीटरांचा आहे. एकाच परिसरात वीण करणाऱ्या टिटव्यांपैकी काही एका वाटेने, तर काही दुसऱ्या वाटेने जातात, ही या अभ्यासातून पुढे आलेली विशेष लक्षणीय गोष्ट होय.

दोन्ही वाटांवर ठरावीक विसावे आहेत, जिथे पक्षी काही दिवस, कधी काही आठवडे थांबून अंगात चरबी साठवतात. तुर्कस्तान-सिरिया सीमेवरील जेलानपिनार येथे २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तीन हजारांहून अधिक टिटव्या एकत्र आढळल्या, आणि उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तान सीमेवरील तालिमरजान जलाशयाच्या आसपासच्या माळांवर २०१५ च्या शरद ऋतूत चार हजारांवर. २००६ च्या सुमाराचा अंदाज पाहिला, तर साऱ्या जगात वीण करणाऱ्या जोड्या सुमारे ५६०० धरल्या गेल्या होत्या. म्हणजे या पक्ष्याचा फार मोठा हिस्सा वर्षातले काही आठवडे एखाद-दुसऱ्या माळावर गोळा झालेला असतो. नेमके येथेच खरे भय आहे. सिरिया, इराक आणि आखाती प्रदेशात स्थलांतरी पक्ष्यांची जी शिकार चालते, तिच्यात उघड्या जमिनीवर दाटीने बसणारा हा पक्षी सहज सापडतो. घरट्यांची हानी एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघू शकते. वाट माहीत असलेला, वीण करू शकणारा प्रौढ पक्षी मारला गेला की ती तूट भरायला वर्षे लागतात. म्हणून कझाकस्तानातील खेड्यापेक्षा या वाटेवरील एखाद्या शिकाऱ्याशी झालेला संवाद टिटवीला अधिक उपयोगी पडेल, असे मानायला जागा आहे.

भारतात या टिटव्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत राहतात. कच्छमधील नलियाचा गवताळ प्रदेश, कच्छचे छोटे रण, राजस्थानातील ताल छापर या त्यांच्या नेहमीच्या जागा होत. येथेही निवड तीच असते: चरलेले माळ, पडीक टाकलेली किंवा नुकती नांगरलेली शेते, कापणीनंतर नुसती धसकटे उरलेली राने. नांगराने उघड्या पडलेल्या अळ्या आणि भुंगेरे त्यांना आयते मिळतात. कच्छच्याच बन्नी प्रदेशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे; क्षारांचा फैलाव रोखण्यासाठी १९६० च्या दशकात तेथे लावलेली वेडी बाभूळ पुढे मालधारी पशुपालकांच्या चराऊ कुरणांवर पसरली, आणि गुरांचे गवत जिथे गेले तिथे उघड्या जमिनीवरच्या पक्ष्यांची जागाही गेली. झाडे लावली की निसर्गाचे भलेच होते ही समजूत गवताळ प्रदेशाला लागू पडत नाही.

महाराष्ट्रात या टिटवीची गाठ क्वचित पडते. तिच्याजोगती जमीन मात्र सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्व भागातील माळरानांवर आजही आहे. धनगरांच्या मेंढरांनी राखलेले हे माळ सरकारी दप्तरी बहुतेक वेळा ‘पडीक’ म्हणून लिहिले जातात आणि कालव्याचे पाणी आले की उसाखाली किंवा कारखान्यांखाली जातात. नोव्हेंबर ते मार्च या काळात अशा माळावर धाविक किंवा माळटिटव्यांचा थवा दिसल्यास त्यात निराळी टिटवी आहे का हे पाहणे अगत्याचे आहे. ओळख अवघड नाही. नेहमीच्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल आणि माळटिटवीच्या पिवळी लोंबती चामडी असते, तशी हिला नसते. दोघींचे पाय पिवळे, तर हिचे काळपट असतात. डोळ्यावरून निघून मानेमागे जुळणारी पांढरट भुवई ठळक दिसते, हिवाळी पिसाऱ्यात अंग राखी-तपकिरी असते आणि उन्हाळ्यात पोटावर दिसणारा काळा डाग व त्यामागचा तांबूस पट्टा तेव्हा नसतो. उडताना पंखांचा मागचा भाग शुभ्र आणि टोके काळी दिसतात, आणि पांढऱ्या शेपटीवर काळा पट्टा असतो. नोंद करताना दिनांक, संख्या आणि ठिकाण यांबरोबरच तो माळ चरलेला होता की नांगरलेला, गवत किती उंच होते आणि जवळ मेंढरे बसवली होती का, हेही लिहिले जावे, कारण पक्षी कोणत्या जमिनीवर थांबला हे त्या एवढ्या तपशिलातूनच ठरवता येते.