पुसट चित्राचे वाचन



जुन्या चित्राचा अर्थ लावणे हे केवळ कलावंताचे काम आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः ते निरीक्षणाचे काम आहे. आणि निरीक्षणाचे शिक्षण प्राथमिक शाळेतच सुरू होते.

उदाहरणादाखल एकोणिसाव्या शतकातील नेदरलँड्समधील एखादे भूदृश्याचे रेखाटन घ्यावे. शिसपेनीच्या रेषा घासून पुसट झालेल्या असतात. मायफळ व हिराकस यांपासून केलेली काळी शाई कालांतराने तपकिरी पडते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८४ साली न्यूनेन या खेड्यात काढलेल्या लेखणीच्या चित्रांतही हा पालट आढळतो.

अशा वेळी रेषा गिरवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. गिरवलेली रेषा चित्रकाराची राहत नाही. ती गिरवणाऱ्याच्या कल्पनेची होते व मूळ पुरावा कायमचा झाकला जातो. त्याऐवजी कागदावर बाजूने तिरपा प्रकाश पाडावा, म्हणजे दाबून ओढलेल्या रेषांचे चर दिसू लागतात. संग्रहालयांत अवरक्त किरणांच्या साहाय्याने छायाचित्र घेतात. त्यात ही शाई जवळजवळ लोपते व तिच्याखालची शिसपेनीची आखणी उमटते.

यानंतर देशाची माहिती उपयोगी पडते. नेदरलँड्सची सुमारे चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे. म्हणून सखल क्षितिजावरील सरळ रेषा बांधाची किंवा कालव्याची असू शकते. तेथील पवनचक्क्या केवळ धान्य दळत नसत. कित्येक शेतांतील पाणी उपसून वर चढवीत. चक्कीचा माथा वाऱ्याच्या दिशेकडे फिरवीत असल्यामुळे पात्यांच्या रोखावरून वाऱ्याचाही अंदाज येतो. बुंध्यावर मुठीसारखा गोळा दिसणारे झाड मेलेले नसून दर काही वर्षांनी फांद्या छाटलेले वाळुंजाचे झाड असू शकते.

काळाचा निर्णय मात्र जपून करावा. हार्लेमरमेर हे विस्तीर्ण सरोवर १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी उपसून कोरडे केले गेले. त्या स्थळाच्या चित्रात अथांग पाणी असेल, तर देखावा १८५२ पूर्वीचा ठरतो. परंतु चित्रही तेव्हाच काढले, असे सिद्ध होत नाही. चित्रकाराने ते आठवणीने किंवा जुन्या चित्रावरून काढलेले असू शकते.

वर्गात हीच रीत चालवावी. शिक्षकाने कोणतेही जुने, अस्पष्ट चित्र मुलांपुढे ठेवावे आणि फळ्यावर तीन रकाने आखावेत: ‘दिसते’, ‘वाटते’ व ‘सांगता येत नाही’. काठावरचा काळा ठिपका पहिल्या रकान्यात जाईल; ‘ती नाव असावी’ हे दुसऱ्या रकान्यात. नावेत कोण बसले आहे, हा प्रश्न तिसऱ्यात राहील. प्रत्येक उत्तरास ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. चुकलेल्या मुलास हसू नये, आणि आपले उत्तर त्याच्यावर लादू नये.

तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरणाऱ्या मुलाला शाबासकी अवश्य द्यावी. शिक्षकालाही तो रकाना कधीकधी भरावा लागतो. मुलांसमक्ष तो भरण्यात त्याला कोणताही कमीपणा नाही.