एकेचाळिसावा मजला आणि वळवाचा वारा

आजचा विषय आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललाय. मे महिन्यात वळीव आला की आमच्या ग्रुपवर दोनच गोष्टी पडतात. एक म्हणजे काळ्या ढगांचे फोटो, आणि दुसरी, "तुमच्याकडे पडला का रे?" यंदा त्यात भर पडली. लोअर परळला एकेचाळिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राने लिहिलं, "बिल्डिंग हलतेय. झुंबर डुलतंय." मग काय, सगळे सुटलेच! कोणी म्हणालं, ईएमआय भरून झोपाळा घेतलास. कोणी म्हणालं, खाली चाळीत ये, इथे फक्त पत्रे उडतात.

मग त्याचा मेसेज आला, "मस्करी सोडा. आई बॅग भरून बसलीय. फ्लॅट विकून डोंबिवलीला जाऊ म्हणते. तिला काय सांगू?"

आता मी कोड लिहिणारा माणूस, सिव्हिलवाला नाही. पण ग्रुपमध्ये एक मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तिला पिडून पिडून जे समजलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, उंच इमारत हलतेच. ती हलावी असंच डिझाइन असतं. आपल्याकडच्या कोडमध्ये साधारण हिशोब असा की वाऱ्याने माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये. म्हणजे 150 मीटरची इमारत असेल तर 30 सेंटिमीटर. एक फूटभर! ही कमाल मर्यादा झाली, रोजचं हलणं त्याहून खूपच कमी. आणि मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग धरतात सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 158 किलोमीटर. वर जाल तसा वारा वाढतो, तोही त्यात मोजतात. 17 मे 2021 ला तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर गेले होते. म्हणजे असं वादळ हिशोबात आधीच धरलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. वारा इमारतीला नुसता ढकलत नाही. तो दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि मागे आलटून पालटून भोवरे सोडतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. या भोवऱ्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या तालाशी जुळला, तर झोका वाढत जातो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिल्यासारखं. म्हणून दुबईचा 828 मीटरचा बुर्ज खलिफा वर जाताना टप्प्याटप्प्याने आकार बदलतो, म्हणजे सगळ्या उंचीवर भोवऱ्यांचा एकच ताल जमत नाही. तैपेई 101 मध्ये तर 660 टनांचा पोलादी गोळा टांगलाय. इमारत एका बाजूला गेली की तो मागे रेंगाळतो आणि झोका शोषून घेतो. ऑगस्ट 2015 च्या सौडेलोर वादळात तो गोळा जवळपास एक मीटर हलला होता. इमारत मात्र ठणठणीत.

हे सगळं मित्राने आईला सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, पडणार नाही. पण लिफ्ट बंद पडली तर या गुडघ्यांनी मी एकेचाळीस मजले उतरू कशी?"

ग्रुप गप्प. कारण याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आहे. काकूंनी योग्य प्रश्न विचारला होता, आणि आम्ही सगळे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसलो होतो.

वादळात धोका फक्त सांगाड्याचा नसतो, बाहेर लटकलेल्या आणि उभ्या केलेल्या गोष्टींचाही असतो. 13 मे 2024 ला घाटकोपरला धुळीचं वादळ आलं, आणि पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. सपाट होर्डिंग म्हणजे शिडाचं कापडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बॉस्टनच्या जॉन हॅन्कॉक टॉवरच्या काचा 1970 च्या दशकात निखळून खाली पडू लागल्या, तेव्हा दहा हजारांवर काचा बदलाव्या लागल्या. काचेचा जोड गरजेपेक्षा ताठ होता, हे त्यामागचं कारण.

तर मंडळी, उंचावर राहत असाल तर वळवाआधी एवढं करा. बाल्कनीतल्या कुंड्या, खुर्च्या, डिश अँटेना आत घ्या किंवा घट्ट बांधा. चाळिसाव्या मजल्यावरून पडलेली कुंडी खालच्या वॉचमनला दुसरी संधी देत नाही. खिडक्या लावा. वादळ सुरू असताना लिफ्ट टाळा. आणि सोसायटीला तीन प्रश्न लेखी विचारा: लिफ्टला जनरेटरचा बॅकअप आहे का आणि तो शेवटचा कधी चालवून पाहिला? रिफ्यूज एरियाला कुलूप तर नाही ना? आणि ज्यांना जिना उतरता येत नाही अशा रहिवाशांची यादी सिक्युरिटीकडे आहे का?

आमच्या मित्राच्या सोसायटीत ही यादी नव्हती. आता तयार होतेय, पहिलं नाव काकूंचं. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर छत्री शोधून ठेवा!