औषधांची वही



साठ वर्षांपूर्वी ज्या मुलांनी या शाळेत पहिलीची पाटी हाती घेतली, ती आज पासष्टीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आता औषधांचा एक डबा असतो. त्यात रक्तदाबाची, मधुमेहाची, सांधेदुखीची गोळी असते, आणि कोणे काळी आणलेली, आता कशासाठी ते कोणालाच न आठवणारी एखादी गोळीही असते. या डब्याकडे पाहण्याची दृष्टी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

चिकपेटमधील मराठी माणसाची एक विशेष अडचण आहे. तो घरात मराठी बोलतो, पेठेत कन्नड बोलतो आणि औषधाच्या पाकिटावर मात्र त्याला इंग्रजी वाचावे लागते. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘कसेतरी होते’ यापलीकडे शब्द सुचत नाहीत. वास्तविक औषधाचा दुष्परिणाम सर्वांत आधी जाणवतो तो रोग्याला, आणि दिसतो तो घरच्यांना. त्यांनी तो नेमका सांगितला नाही, तर निष्णात डॉक्टरही तो ओळखू शकत नाहीत.

सांगली-साताऱ्याकडे मूळ गाव असलेल्या कुटुंबात सहज घडू शकेल असा एक प्रसंग घ्यावा. आजोबा सुट्टीत गावी जातात, तेथे रक्तदाब वाढलेला निघतो, तेथील डॉक्टर नवी गोळी लिहून देतात. परत आल्यावर जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या सुरू राहतात. नावे वेगळी, रंग वेगळे. पण दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिन हेच औषध! मग घोटे सुजतात, उठताना भोवळ येते, आणि घरातले म्हणतात, ‘वय झाले.’ पडून हाड मोडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही की दोष वयाचा नसून दुप्पट मात्रेचा आहे.

म्हणून पाकिटावरील व्यापारी नावापेक्षा औषधाचे मूळ नाव वाचण्याची सवय लावावी. 2018च्या नियमानुसार एकाच घटकाच्या औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. तापाची गोळी वेगळी घेतली की ते दुहेरी पोटात जाते, आणि अतिमात्रेने यकृताला इजा होते.

दुष्परिणाम सारखेच गंभीर नसतात. क्षयावरील रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ती रक्तासारखी वाटून घाबरलेला रोगी औषध सोडतो, आणि क्षय बळावतो. हा रंग निरुपद्रवी आहे. मात्र त्याच उपचारात डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तदाबावरील एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. त्यासाठी खोकल्याच्या बाटल्या रिचवण्याऐवजी डॉक्टरांना सांगितले, तर ते औषध बदलून देतात. पण याच औषधांनी ओठ, जीभ वा चेहरा सुजला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या नेहमी घेणाऱ्याला डांबरासारखी काळी शौचास झाली, तर जठरात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

आपल्या घरांतील उपवासांचाही येथे संबंध येतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन एकादशी वा चतुर्थीला निरंकार राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे आणि नंतर खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. उपवासाआधी मात्रेविषयी डॉक्टरांना विचारले, तर व्रतही निभते आणि जीवही.

मुलींच्या मातांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. मासिक पाळीच्या वेदनांसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिड सर्रास घेतले जाते. भारतीय औषधसंहिता आयोगाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी त्याविषयी सावधगिरीची सूचना काढली. क्वचित काहींना या औषधाने, बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी, ताप व पुरळ येऊन आतील अवयवांनाही बाधा होते. सूचनेचा उद्देश घबराट पसरवण्याचा नव्हता, लक्ष ठेवण्याचा होता.

अशा सूचना निघतात त्या रोग्यांच्या व डॉक्टरांच्या कळवण्यातूनच. देशात 2010पासून औषधसुरक्षेवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादला या आयोगाकडे आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रोगी स्वतः दुष्परिणाम कळवू शकतो. त्यासाठीचा अर्ज मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे.

मात्र दुष्परिणामाच्या शंकेने औषध परस्पर बंद करणे हाही धोकाच आहे. फार दिवस चाललेले स्टेरॉइड किंवा अपस्माराची गोळी एकाएकी थांबवल्यास प्राणावर बेतू शकते. तसेच शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला चालेल असे मानू नये, आणि पाकिटावर उभी लाल रेषा असलेले औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये.

यावर उपाय साधा आहे. घरातील प्रत्येक औषध घेणाऱ्याची एक वही असावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी व कोणी दिले, केव्हा सुरू झाले, आणि त्यानंतर शरीरात काय बदल जाणवला, हे तारखेसह लिहावे. काढे, चूर्णे, झोपेची वा दुखण्याची गोळी, सारे त्यात यावे. पूर्वी एखाद्या औषधाची बाधा झाली असेल, तर ते पहिल्याच पानावर ठळक लिहावे. ही वही बेंगळूरुच्या डॉक्टरांनाही दाखवावी आणि गावच्याही.

वाचणे आणि नेमके लिहिणे या दोन गोष्टी या शाळेने साठ वर्षे शिकवल्या. आजी-आजोबांना पाकिटावरची बारीक अक्षरे दिसत नसतील, तर ती नातवंडांनी वाचून दाखवावीत आणि वहीत मराठीत उतरवावीत. ती वही त्या घरात एखादा जीव वाचवील.