परतीच्या पाखरांची नोंद

संमेलनाचे अध्यक्ष महोदय, उद्‌घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, वन विभागाचे अधिकारी आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या पक्षिमित्रहो,

स्वागत समितीच्या आणि तापीकाठच्या साऱ्या गावकऱ्यांच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, असा हा आमचा खानदेश. मी पेशाने केळी पिकवणारा शेतकरी. पाखरांची ओळख मला शेतात पाणी भरताना झाली, पुस्तकं नंतर हातात आली. त्यामुळे मी बोलेन तेही बांधावरूनच.

संमेलन ऐन फाल्गुनात का ठेवलं, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं. उन्हं चढायला लागली, तलाव आटायला लागले, बदकं निघाली, आता काय पाहायचं? आम्ही हा मुहूर्त मुद्दाम धरला. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पाणपक्ष्यांची आशियाई गणना जानेवारीत होते. परसबागेतल्या पक्ष्यांची गणना फेब्रुवारीच्या मध्यावर होते. हे सगळं चांगलंच आहे, पण यात पाखरांचं येणं आणि राहणंच मोजलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये ती कधी निघाली, शेवटची कुठे दिसली, निघताना कशा अवस्थेत होती, याच्या नोंदी आपल्याकडे फार तुटपुंज्या आहेत. माझं आजचं मागणं एवढंच आहे की, परतीच्या प्रवासाला येण्याइतकंच मोल द्या.

आणि या दिवसांत पाहण्यासारखं किती असतं! पिवळ्या धोब्याचंच घ्या. डिसेंबरात हरभऱ्याच्या शेतात शेपटी हलवत हिंडणारे हे पक्षी मळकट, फिकट, सगळे एकसारखे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गव्हाला शेवटचं पाणी सोडलेलं असतं. त्या ओलीवर, म्हशींच्या पायांशी उडणारे किडे टिपायला तेच धोबी जमतात तेव्हा बघा. अंगाचा खालचा भाग हळदीसारखा पिवळाधमक. एकाचं डोकं काळंभोर, दुसऱ्याचं गडद राखाडी, तिसऱ्याच्या निळसर डोक्यावर ठसठशीत पांढरी भुवई, आणि एखाद्याचं डोकंसुद्धा अंगासारखंच पिवळं. हे एकाच जातीचे वेगवेगळ्या मुलखांतले नर. काळ्या डोक्याचा बाल्कनपासून तुर्कस्तान, इराणपर्यंतच्या आणि मध्य आशियाच्या पट्ट्यात वीण करणारा, राखाडी डोक्याचा उत्तर युरोप-सैबेरियाचा, पिवळ्या डोक्याचा व्होल्गा नदी आणि कझाकस्तानाकडचा. एका वाफ्यात, एका म्हशीभोवती, इतक्या देशांचे पक्षी. हिवाळाभर ते इथेच होते, पण कोण कुठला हे कळायला वसंतातली नवी पिसं यावी लागली. भुवई बदकाच्या नराचंही तसंच. आला तेव्हा मादीसारखा भुरकट, जाताना डोळ्यावरची पांढरी कोयरी लांबून ओळखू यावी अशी. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान आणि छाती विटकरी होत जाते. जानेवारीत ज्या तळ्यावर चार वेळा जाता, तिथे मार्चअखेर एकदा तरी जाऊन बघा.

भोरड्यांबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. दादर ज्वारी निसवली की आमच्याकडे शेतातल्या माळ्यावर पोरं चढायची, हातात गोफण आणि पत्र्याचा डबा. आभाळ काळं करत थवा आला की एकच हाकारा. भोरडी म्हणजे चोर, हे लहानपणापासून ऐकलेलं. पावसाळा भरात असतानाच पहिले थवे येतात आणि एप्रिलच्या मध्याला निघून जातात. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने ती आपल्याकडेच. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की हीच पाखरं मकरंदासाठी फुलांत डोकं खुपसतात, कपाळावर पराग माखून दुसऱ्या झाडावर जातात. याच सुमाराला पाठ-पोटाचा मळकेपणा जाऊन स्वच्छ गुलाबी रंग उमटतो आणि डोक्यावरची काळी शेंडी चकाकायला लागते. इथून गेल्यावर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात, दगडांच्या कपारींत त्यांच्या वसाहती बसतात. पिलांचं खाणं म्हणजे टोळ आणि नाकतोडे. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांवर औषध फवारण्याऐवजी या पक्ष्यांसाठी दगडांचे ढीग आणि कपारीच्या भिंती मुद्दाम रचल्या गेल्या आहेत. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड विदर्भात उतरली तेव्हा आपल्याकडे डबे वाजले, फवारण्या झाल्या. ज्या पाखराला आपण गोफणीने हाकलतो, ते तिकडे टोळ खाऊन पिलं वाढवतं, हे दादर पेरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. नुकसान खरं आहे, मी ते नाकारत नाही. दाणा दुधात असताना राखण करावीच लागते. पण राखण करणं वेगळं आणि जाळी लावून, विष घालून मारणं वेगळं.

आता पाण्याकडे येतो. हतनूर धरणाच्या वरच्या अंगाला तापी आणि पूर्णा एकत्र येतात. वर चांगदेवाचं जुनं देऊळ, खाली पसरलेला फुगवटा. उन्हाळी आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकतं आणि काठाने गाळाची पट्टी उघडी पडते. तुतवार, चिखले, पाणटिवळे यांना त्या गाळातले किडे-अळ्या म्हणजे प्रवासाची शिदोरी. लांब पल्ल्याचा पक्षी निघण्याआधी अंगात चरबी साठवतो, काही छोट्या पक्ष्यांचं वजन तर जवळजवळ दुप्पट होतं. ही चरबीच पुढच्या उड्डाणाला पुरते. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर गेल्याची नोंद उपग्रहाच्या यंत्रांनी केली आहे. अशा प्रवासाची तयारी आपल्या धरणांच्या काठावर होते. म्हणून ऐन मार्चमध्ये त्या ओल्या पट्टीवर दिवसभर माणसं, कुत्री, गाड्या आणि मोटारपंप फिरत राहिले, तर पक्ष्याचं खाणं तुटतं आणि हकनाक उडण्यात साठवलेलं खर्ची पडतं. गाळपेरा करणारे आमचेच भाऊबंद आहेत, कलिंगडाच्या वाड्यांवर कित्येकांचं वर्ष निघतं. त्यांना उठवा असं मी म्हणणार नाही. पाण्याला लागून असलेला थोडा काठ एप्रिल संपेपर्यंत मोकळा ठेवता येतो, आणि तो गावाने ठरवला तरच राहतो. सोडून दिलेली नायलॉनची जाळी काठावरून गोळा करणं तर आजही आपल्या हातात आहे.

वेगळं काही दिसलं की आपल्या सगळ्यांनाच आनंद होतो. पण अनपेक्षित नोंदीबद्दल आमचा मुलूख एक मोठा धडा शिकलेला आहे. रानपिंगळा हा पक्षी पक्षी-अभ्यासक ह्यूम यांनी १८७३ मध्ये शास्त्राच्या दप्तरी आणला. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. पुढे मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने आपण तो १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचं सांगितलं. नाव मोठं, म्हणून नोंद मान्य झाली आणि शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून नव्या चिठ्ठीनिशी दिलेला आणि मुळात डेव्हिडसन यांचाच होता. खोटी चिठ्ठी बाजूला सारून जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागाने रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट इथे आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. ११३ वर्षांनंतर. रानपिंगळा स्थलांतर करत नाही, पण प्रामाणिक नोंद काय करू शकते आणि खोटी काय करते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, फोटो नसेल तर नसू द्या. वेळ, जागा, उजेड, पक्षी काय करत होता, हे तिथल्या तिथे लिहा आणि शंका असेल तर शंका म्हणूनच लिहा. मे महिन्यात एखादा पाणटिवळा तळ्यावर राहिलेला दिसला तर तो आजारीच असेल असं नाही, कारण पहिल्या वर्षाची काही पाखरं परत जातच नाहीत. हंसाच्या मानेत अक्षर-आकड्यांची पट्टी दिसली तर ती वाचा, पण ती वाचण्यासाठी थवा उडवू नका. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं सापडलं तर ठिकाण समूहावर टाकू नका.

नवरंगाचंही सांगायला हवं. रोहिणीच्या सुमाराला तो रात्रीचा प्रवास करत दक्षिणेकडून आमच्या सातपुड्यात विणीला येतो, आणि दमून किंवा खिडकीवर आपटून कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी दुकानाच्या पायरीवर सापडतो. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, डोळ्यांवरून काळी पट्टी. लोक घाबरून चोचीत पाणी ओततात, त्याने पक्षी गुदमरतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. बहुतेकदा तेवढंच पुरतं. पंखाला इजा असेल तर वन विभागाला कळवा.

देशभरातल्या सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर २०२३ चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला. त्यात ९४२ जाती तपासल्या गेल्या आणि लांब पल्ल्याच्या स्थलांतरितांची घट ठळकपणे दिसली. ही घट इथल्या तलावांवर होते की वाटेत, की तिकडच्या विणीच्या जागी, हे शोधायला निघण्याच्या तारखाही हाताशी लागतील. म्हणून नोंदणीच्या टेबलावर आम्ही एक वही ठेवली आहे. आपल्या गावच्या कुठल्याही पाच स्थलांतरित पक्ष्यांची यंदाची शेवटची तारीख मे अखेर आम्हाला कळवायची, एवढं कबूल करून त्यात नाव लिहा. संकलनाची जबाबदारी स्वागत समितीची.

उद्या पहाटे साडेपाचला गाड्या चांगदेवकडे निघतील. टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाने सोबत घ्यावी, नऊनंतर ऊन लागतं. आज दुपारच्या पंगतीला कळण्याची भाकरी आणि भरीत आहे, गावातल्या मायबहिणी पहाटेपासून चुलीपाशी आहेत. कुणाची काही गैरसोय झाली तर थेट मला सांगा. आपण आलात, गाव आनंदलं.