खोली विकली, रुग्ण कुणाला दिले?



  आपल्या दंतवैद्य परिषदेच्या अध्यक्षानं वर्षभरातल्या शास्त्रीय प्रगतीचा आढावा घ्यावा अशी आपली प्रथा आहे. स्कॅनर आणि अलायनर या विषयांवर दुपारी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी बोलणार आहेत, तेव्हा तो भाग मी त्यांच्यावर सोपवते. मला एकच गोष्ट बोलायची आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधले आपले जुने दवाखाने ज्या रीतीनं बंद होत आहेत, ती रीत चुकीची आहे. हे बोलायला मी बरीच वर्षं थांबले आहे.

होतं काय? डॉक्टरांचं वय झालेलं असतं. मुलगी मेलबर्नला, मुलगा बंगळुरूला. एजंट येतो, गाळ्याचा भाव सांगतो. महिन्याभरात पाटी उतरते आणि तिथं मोबाइलचं दुकान उभं राहतं. रूट कॅनालच्या दुसऱ्या बैठकीला आलेला रुग्ण फूटपाथवर उभा राहून शेजारच्या वाण्याला विचारतो, "डॉक्टर कुठे गेले?" खुर्ची भंगारात जाते आणि केस पेपर रद्दीत. खोलीचे पैसे मिळाले. तीस-चाळीस वर्षांची प्रॅक्टिस मात्र कुणाच्याच हाती गेली नाही.

या सवयीचं मूळ पागडीत आहे. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्यानं पागडी घेणं हा गुन्हा ठरवला होता. पैसा रोखीनं फिरला आणि कागदावर काहीच आलं नाही. खोलीचीच किंमत जिथं लपवायची, तिथं प्रॅक्टिसची किंमत कोण लिहिणार? 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानं पागडीचा व्यवहार उघडपणे करता येऊ लागला. तरीही आपण अजून 1970 सालातच वावरतो. घरमालकाचा साधारण एक तृतीयांश वाटा, एजंटची दलाली, उरलेलं आपलं, हिशेब संपला. त्यात रुग्ण कुठेच नाही.

वारसाचाही भ्रम आहे. "मुलगा बघेल" असं म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. व्यवसायाच्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथं काम करणारा घरातला माणूस असेल, तर हक्क प्रथम त्याच्याकडे जातो. परदेशात बसलेला मुलगा ऐन वेळी येऊन जागा आणि रुग्ण दोन्ही सांभाळेल, ही आशा धरून कित्येकांनी होतकरू तरुणांना दारातून परत पाठवलं आहे.

आपल्या बैठकांत दरवर्षी वाद रंगतो: चालू दवाखान्याची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या किती पट धरायची? नफ्यावर की एकूण जमेवर? मी माझा अनुभव सांगते. नायर दंत महाविद्यालयातून बाहेर पडून काही वर्षं नोकरी केल्यावर ठाकूरद्वारजवळ एका ज्येष्ठ डॉक्टरांचा दवाखाना मी घेतला. रुग्ण त्यांना 'मोठे डॉक्टर' म्हणत. व्यवहार पुरा झाल्यावरही ते बरेच महिने रोज सकाळी येऊन वेटिंग रूममधल्या बाकावर बसत. रुग्ण आला की उठून आत घेऊन येत आणि सांगत, "या आता बाई बघतील. तुमची डावी दाढ नाजूक आहे ते मी त्यांना सांगितलंय." कुणाला भुलीच्या इंजेक्शननं घेरी येते, कोण उधारी ठेवतो आणि दिवाळीला चुकती करतो, कुठल्या आजींची कवळी खालून कधीच बसणार नाही, सगळं त्यांनी मला दिलं. कंपाउंडरही त्यांचाच राहिला. चाळी सोडून डोंबिवलीला, विरारला गेलेली कुटुंबं लोकल पकडून माझ्याकडे येत राहिली. मी मोजलेल्या रकमेतली सगळ्यात मोलाची वस्तू ते बाकावरचं बसणं होतं. उत्पन्नाच्या किती पट, हा प्रश्न माझ्यापुरता तिथंच मिटला. विकणारा किती दिवस सोबत बसणार हे आधी सांगा, मग पट ठरवा.

उलट उदाहरणही सांगते. काळाचौकीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. इम्प्लांटवरची कॅप हलत होती. ज्यांनी इम्प्लांट बसवलं त्यांनी दवाखाना विकून शहर सोडलेलं, आणि कागद एकही नाही. तुम्हाला माहीत आहे, एका कंपनीचा स्क्रू दुसरीच्या ड्रायव्हरनं फिरेलच असं नाही. एक्स-रेवरून अंदाज बांधत राहिलो आणि शेवटी चांगली कॅप कापावी लागली. भुर्दंड बाईंना, पेन्शनमधून. दंतवैद्यांच्या 2014च्या आचारसंहितेनं नोंदी किमान 3 वर्षं ठेवायला सांगितल्या आहेत. इम्प्लांट तोंडात वीस-वीस वर्षं राहतं. 3 वर्षांचा आधार घेऊन केस पेपर फाडणाऱ्यानं त्या बाईंना तोंड दाखवावं.

विकत घेणाऱ्यांचीही एक तक्रार मी ऐकते, आणि ती खरी आहे. डॉक्टर नावलौकिकासह दवाखाना विकतात आणि वर्षात पुढच्याच गल्लीत नवी पाटी लावतात. तरुणांनो, 1872च्या करार कायद्याचं कलम 27 वाचा. धंद्यावर बंदी घालणारा करार एरवी रद्द ठरतो, पण नावलौकिक विकणाऱ्याला ठरावीक हद्दीत तोच व्यवसाय न करण्याचं बंधन घालता येतं. हद्द वाजवी असली पाहिजे. मात्र ते लिहून घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे लिहून घेणं म्हणजे ज्येष्ठांचा अपमान समजला जातो. तो अपमान नाही. लिहून द्यायला जो ज्येष्ठ कचरतो, त्याच्याकडून दवाखाना घेऊ नका.

इमारतीचंही विचारा. उपकरप्राप्त चाळ विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) किंवा 33(9) खाली पुनर्विकासाला गेली, तर नवी जागा मिळेपर्यंत काही वर्षं जातात. ठरलेलं भाडं हातात येईलही, रुग्ण थांबत नाहीत. गिरणी संपानंतर, 1982 पासून, लालबाग-परळच्या दवाखान्यांनी रुग्ण ओसरताना पाहिले आहेत. तेव्हा जे टिकले ते ओळखीवर टिकले. दवाखाना हातात आल्यावर एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, या गोष्टी नव्या मालकाच्या नावानं करून घ्याव्या लागतात. ते काम चांगला सल्लागार करून देईल. रुग्णांची संमती घेऊन नोंदी सोपवणं हे मात्र डॉक्टरांनीच करायचं आहे.

परिषदेनं एक नमुना करारपत्र तयार करावं आणि निवृत्तीच्या वाटेवरचे ज्येष्ठ व जागा शोधणारे तरुण यांची एक यादी ठेवावी, असं मला वाटतं. तपशील कार्यकारिणी ठरवेल. ठरावाचा मसुदा मात्र माझ्याकडे तयार आहे: रुग्णांना आधी कळवल्याशिवाय आणि त्यांच्या नोंदी सोपवल्याशिवाय दवाखाना बंद करणाऱ्या सभासदाला या परिषदेनं जाब विचारावा. संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेत मी तो मांडणार आहे. साठी ओलांडलेल्या प्रत्येकानं त्याला अनुमोदन द्यावं, ही माझी विनंती आहे.