हिवाळ्यातील आकाश आणि गावची शाळा



वऱ्हाडात नैसर्गिक आपत्तीचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा उन्हाळ्यावर आणि अवर्षणावर येते. हिवाळा हा सुखाचा काळ समजला जातो. तूर खळ्यावर येते, हरभऱ्याला घाटे धरतात, वरूड-मोर्शीकडील बागांत संत्र्याचा आंबिया बहार फुलतो. परंतु याच दिवसांत येणारी गारपीट, वीज व थंडीची लाट ही संकटे फार थोडी पूर्वसूचना देतात. म्हणून त्यांची तयारी आकाश निरभ्र असतानाच व्हावयास हवी.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वारंवार गारपीट होऊन विदर्भ-मराठवाड्यातील उभी पिके आडवी झाली. पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ रोजी अमरावती, अकोला, बुलढाणा व जालना या जिल्ह्यांना गारांनी झोडपले आणि राज्यात मनुष्यहानीही झाली. तो दिवस रविवारचा होता. सुट्टीच्या दिवशी शाळेचा फलक कोणी वाचत नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी पुढील दोन दिवसांचा अंदाज मुलांना सांगण्याची प्रथा प्रत्येक शाळेने पाडावी, हा त्या तारखेचा पहिला धडा होय.

गार कशी तयार होते, हे मुलांना समजावून देणे अवघड नाही. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे वरच्या थरांत थंड व कोरडी हवा येते, खालून बंगालच्या उपसागराकडील बाष्प येते, आणि दोहोंच्या संगमातून उंच ढग उभे राहतात. त्यांतील जोरदार ऊर्ध्वगामी वारा जलबिंदूंना गोठणाऱ्या उंचीवर नेतो. तेथे बर्फाचे थरावर थर चढतात व भार वाऱ्याला पेलेनासा झाला की गार खाली येते. मोठी गार मधोमध फोडली असता हे थर पुष्कळदा डोळ्यांनी दिसतात.

हवामानाचा इशारा देण्याची व्यवस्था राज्यात उभी आहे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भातील जिल्ह्यांसाठी हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांत सूचना देते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, आणि नियंत्रण कक्षाशी १०७७ या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो. तथापि नागपुराहून निघालेली सूचना धुऱ्यावर काम करणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचली नाही, तर ती कागदावरच राहते. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, त्या घरातूनही एखादे मूल शाळेत येते. शाळा ही या साखळीची शेवटची कडी आहे, आणि तिचे बळ शिक्षकावर अवलंबून आहे.

या ठिकाणी एका रूढ सवयीचा विचार करणे अगत्याचे आहे. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले की मुले पावसापूर्वी घरी पोहोचावीत, या कळकळीने शाळा लवकर सोडली जाते. हेतू शुद्ध असला तरी परिणाम घातक होऊ शकतो. लांबच्या वस्तीवरील मूल अशा वेळी नेमके उघड्या शिवारात सापडते आणि गारांच्या माराने निंबाच्या किंवा बाभळीच्या झाडाखाली धावते. विजेच्या वेळी झाडाइतका वाईट आसरा दुसरा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी काळ गेला, तर मुलांना आतच ठेवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर सोडू नये. ध्वनीला एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. चौथीच्या मुलाला हे गणित सहज करता येते, आणि स्वतः केलेले गणित मूल विसरत नाही.

मुलांना थांबवून ठेवावयाचे तर जागा सुरक्षित हवी. सर्वच शाळांचे छप्पर पक्के असते असे नाही. जुनी कवेलू गारांनी फुटतात, सैल टिनपत्रे वाऱ्याने उडतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीच्या सदस्यांसह इमारतीची पाहणी करावी, सर्वांत भक्कम खोली ठरवावी, आणि तशी खोली नसल्यास जवळची स्लॅबची इमारत निश्चित करावी. मुले उशिरा घरी येतील ते कोणत्या दिवशी व का, हे पालकांच्या सभेत आधीच सांगितले म्हणजे घाबरलेले वडील भर गारांत मुलाला शोधावयास निघणार नाहीत.

थंडीच्या लाटेचे नियम वेगळे आहेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरले, म्हणजे हवामान खाते थंडीची लाट मानते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. मेळघाटच्या डोंगराळ भागात अंगावर पुरेसे कपडे नसलेल्या मुलाला अशी सकाळ किती जड जाते, हे तेथील शिक्षक जाणतात. बंद खोलीत शेगडी ठेवून निजू नये, कारण तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही. ही सूचना चिखलदरा व धारणी तालुक्यांत कोरकू भाषेतूनही सांगितली जावी.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. सावलीत टांगलेला एक तापमापक आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. रोज ठराविक वेळी तापमान, वाऱ्याची दिशा व ढग यांची नोंद मुलांनी पाळीपाळीने करावी. गार पडल्यास वेळ लिहावी आणि आकार बोराएवढा, आवळ्याएवढा की लिंबाएवढा, तेही लिहावे. पंचनामा करणे हे शासकीय यंत्रणेचे काम आहे, परंतु त्याच दिवशी लिहिलेली ओळ गावाच्या आठवणीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. शिवाय रोज आकाशाकडे पाहण्याची सवय लागलेले मूल ढग उठताच धुऱ्यावरच्या आईबापांना वेळीच हाक मारील. त्या हाकेसाठी शाळेने वर्षभर केलेला हा अभ्यास सार्थकी लागेल.