खिशातील चाकू आणि खरी सज्जता



खिशात छोटा चाकू नित्य बाळगावा, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश योग्य आहे; परंतु तेवढ्याने सज्जता पूर्ण होत नाही.

एप्रिल २००३मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या ब्लूजॉन घळीत अ‍ॅरन राल्स्टन हा २७ वर्षांचा गिर्यारोहक एकटाच उतरला. सुमारे ३६० किलो वजनाची शिळा निसटली आणि त्याचा उजवा हात कड्याशी अडकला. चाकू जवळ होता, पण स्वस्तातला आणि बोथट. हाडापुढे त्याचे काहीच चालेना. पाणी संपले. अखेर सहाव्या दिवशी त्याने आधी हाताची हाडे मोडली, मग त्याच चाकूने हात कापून स्वतःची सुटका केली. १२७ तास लोटले होते.

त्याचे धैर्य असामान्यच. मात्र आपण कोठे जात आहोत, हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. ते एक वाक्य सांगून निघाला असता, तर शोधकर्त्यांना नेमकी दिशा मिळाली असती.

म्हणून सह्याद्रीत जाणाऱ्या तरुणांनी चाकू अवश्य न्यावा, त्याला धार असावी. आणि कोठे चाललो, केव्हा परतणार, हे घरी सांगूनच उंबरठा ओलांडावा.